मनोरुग्णालयाकडून घराकडे : मानसिक आरोग्यसेवेतील स्थित्यंतर आणि आपला दवाखाना

उन्मादाचे लक्षण सांगताना चरकाचार्यांनी निदानस्थानात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे, हे वैद्यवर्गास ठाऊकच आहे. यांतील पहिल्या चारांचा विचार रुग्णाला एकटा समोर बसवून करता येतो. भक्ती म्हणजे आवड, शील, चेष्टा आणि आचार मात्र चार माणसांत वावरतानाच पारखता येतात. घरातल्यांशी, शेजाऱ्याशी, गिऱ्हाइकाशी तो कसा वागतो यावरून ते कळतात, आणि ते पूर्ववत झाले की नाही हेही तेथेच कळते. असे असता ज्या व्याधीत माणसाचे माणसांशी असलेले नाते बिघडते, त्या व्याधीच्या रुग्णाला माणसांतून उचलून दूर भिंतीआड ठेवावे, अशी व्यवस्था शंभर-दीडशे वर्षे अनेक देशांत सर्वमान्य होती. ती कशी मोडली, तिच्या जागी काय आले, आणि तालुक्याच्या वा खेड्याच्या ठिकाणी दवाखाना, औषधालय किंवा फार्मसी चालविणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला त्यातून काय आले आहे, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

भिंतीआडची व्यवस्था

येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर ही महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांची गावे. यांपैकी पहिली दोन नावे आपल्या बोलीत चेष्टेची झाली. ‘याला येरवड्याला न्या’, ‘ठाण्याला जागा आहे का पाहा’ असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, कित्येकदा बोलतही आलो. येरवड्याला २५४०, ठाण्याला १८५०, नागपूरला ९४० आणि रत्नागिरीला ३६५ अशा खाटा मंजूर होत्या. एकट्या येरवड्याच्या संख्येवरून ही संस्था रुग्णालयापेक्षा वसाहतीच्या जातीची होती, हे ध्यानात येते.

या वसाहतींची घडण १८५८ च्या कायद्याने आणि नंतर १९१२ च्या ‘इंडियन लूनसी ॲक्ट’ने केली. बहुतेक रुग्ण दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने आत येत. हुकुमाने आलेल्या माणसाची सुटका हाही हुकुमाचाच विषय असे, आणि नेण्यास कोणी आले नाही तर हुकूम कागदावरच राही. १९२० च्या दशकात ‘असायलम’ हे नाव जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव आले, पण कुलपे तीच राहिली. १९४६ साली भोर समितीने पाहणी केली तेव्हा सुमारे चाळीस कोटी लोकसंख्येच्या अखंड हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या. म्हणजे भिंतीआड गेले ते मूठभर. बाकीचे घरीच होते, देवळात होते, दर्ग्यात होते किंवा रस्त्यावर होते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

येथे आपल्या घरातीलही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. चरकाच्या उन्मादचिकित्सेत आवरत नसलेल्या रुग्णास मजबूत परंतु न टोचणाऱ्या पट्ट्यांनी बांधून, लोखंड-लाकूड नसलेल्या अंधाऱ्या खोलीत कोंडावे, असा उपाय आहे. भीती दाखविण्याचेही उपाय आहेत. त्याच अध्यायात सुहृदांनी धीर देण्याचा, समजुतीच्या शब्दांचा उपायही आहे. ग्रंथाचा अभिमान बाळगणाऱ्याने यांतील दुसरा भाग तेवढा सांगून पहिला झाकून ठेवू नये. पट्टी टोचणारी नसावी आणि खोलीत इजा करणारी वस्तू नसावी, ही त्या काळाची करुणा होती. आजच्या कायद्याने रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळदंड घालण्यास मनाई केली आहे, आणि ती आपल्यालाही लागू आहे.

सर्पगंधेचा वाटा

पाश्चात्त्य देशांतील मनोरुग्णालये रिकामी होऊ लागली त्याचे श्रेय सामान्यतः १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी वापरलेल्या क्लोरप्रोमझिन या औषधास दिले जाते. ते योग्यच आहे. परंतु त्याच सुमारास दुसरे एक औषध त्याच्या जोडीला उभे होते, आणि ते आपल्या परिचयाच्या वनस्पतीतून गेलेले होते.

बिहारात ‘पागल की दवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्पगंधेच्या मुळावर कविराज गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली निबंध प्रसिद्ध केला. उन्माद आणि वाढलेला रक्तदाब, असे दोन्ही उपयोग त्यांनी नोंदविले होते. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यातून रिसर्पिन वेगळे झाले, आणि १९५४ साली न्यूयॉर्क राज्यातील एका मोठ्या मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी ते शेकडो रुग्णांना देऊन पाहिले. वर्षानुवर्षे ओरडणारे, कपडे फाडणारे रुग्ण शांत होऊन बोलू लागल्याचे वृत्तांत आले. १९५७ चा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाला, ही नोंद आपल्या महाविद्यालयांतून सांगितली जात नाही याचे आश्चर्य वाटते.

पुढे रिसर्पिन मागे पडले. रक्तदाब फार उतरणे आणि खोल विषण्णता येणे हे त्याचे दोष दिसून आले. क्लोरप्रोमझिन त्यापेक्षा लवकर गुण देणारे ठरले. सर्पगंधेच्या या दोषांकडे लेखाच्या उत्तरार्धात पुन्हा यावयाचे आहे, कारण तिचा प्रश्न इतिहासात संपलेला नाही.

अमेरिकेचा धडा आणि इटलीचा

१९५५ साली अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५,५९,००० माणसे होती. १९८० पर्यंत ती सुमारे १,३०,००० वर आली. मध्यंतरी, ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी, अध्यक्ष केनेडी यांनी समाजाधारित मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली होती. त्यांच्या धाकट्या बहिणीवर १९४१ साली मेंदूची शस्त्रक्रिया होऊन ती जन्माची पंगू झाली होती. हा विषय त्यांच्या घरातला होता. देशभर सुमारे दीड हजार केंद्रे व्हावयाची होती. झाली ती निम्म्याच्या आसपास. रुग्णालयातून सुटलेल्या माणसाला गोळ्यांची चिठ्ठी मिळाली, परंतु गोळी वेळेवर घेतली का हे पाहणारे, राहण्यास खोली देणारे, कामास लावणारे कोणी मिळाले नाही. पुष्कळजण फुटपाथवर आणि पुढे तुरुंगात गेले.

इटलीतील त्रिएस्ते शहराची कथा निराळी आहे. फ्रांको बझालिया हे मनोविकारतज्ज्ञ १९७१ साली तेथील सान जोव्हानी मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले, तेव्हा आत सुमारे बाराशे माणसे होती. त्यांनी दारे उघडण्यापूर्वी बाहेरची सोय उभी केली. शहराच्या भागाभागांत दिवसरात्र चालणारी लहान केंद्रे, राहण्यासाठी सदनिका, आणि रुग्णांच्याच सहकारी संस्था, ज्यांत सफाईपासून बागकामापर्यंत पगारी काम मिळे. १९७३ साली रुग्णांनी लाकूड आणि कागदाचा एक भला मोठा निळा घोडा बनविला आणि तो मिरवीत गावात नेला. दारातून तो जाईना म्हणून दार फोडावे लागले, असे सांगतात. १३ मे १९७८ रोजी इटलीने १८० क्रमांकाचा कायदा करून नवीन रुग्ण मनोरुग्णालयात घेण्यास बंदी केली. इतर प्रांतांत त्रिएस्तेइतकी तयारी नव्हती, तेथे कुटुंबांचे हाल झाले. आधी बाहेरची व्यवस्था, मग भिंत पाडणे, हा क्रम जेथे पाळला गेला तेथे प्रयोग टिकला.

आपल्याकडील वाट

भारतात भिंती पाडण्याचा प्रश्न मुळात लहान होता. आपले बहुसंख्य रुग्ण कधी भिंतीआड गेलेच नव्हते. त्यामुळे आपल्याकडे ‘समाजाधारित सेवा’ याचा अर्थ जो घरी आहेच, त्याच्या घरापर्यंत उपचार नेणे, असा झाला. या कामाचा आरंभ १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात झाला, असे मी समजतो. तेथील प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी जागेच्या आणि सेवकांच्या टंचाईवर उपाय म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहण्यास सांगितले. आई किंवा पत्नी जवळ असल्याने रुग्ण लवकर सावरले; शिवाय व्याधी काय आहे, औषध का द्यावयाचे, हे तंबूतल्या माणसाने डोळ्यांनी पाहिले आणि ते ज्ञान गावी नेले. आपल्याकडे परिचारकाला चिकित्सेच्या चतुष्पादात स्थान आहे. विद्यासागरांनी त्या पादाला कुटुंबात शोधले.

१९७५ नंतर दोन ठिकाणी शिस्तबद्ध प्रयोग झाले. चंदिगडच्या संस्थेतील डॉ. नरेंद्रनाथ विग आणि सहकाऱ्यांनी हरियाणातील रायपूर रानी येथे, आणि बंगळूरच्या निम्हान्सने जवळच्या सकलवारा येथे, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला आणि आरोग्यसेवकाला थोड्या मुदतीचे शिक्षण देऊन तीव्र मनोविकार आणि अपस्मार ओळखता येतात का, मोजक्या औषधांनी सांभाळता येतात का, हे तपासले. उत्तर होकारार्थी आले. ऑगस्ट १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला गेला, १९८५ ते १९९० या काळात बेल्लारी जिल्ह्यात तो पूर्ण जिल्ह्याच्या प्रमाणावर चालवून पाहिला, आणि त्याच धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. तो महाराष्ट्रातही टप्प्याटप्प्याने आला. जिल्हा रुग्णालयातील पथक ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात येते, तपासते, औषध देते. ते पथक किती नियमित येते, औषध किती वेळा संपलेले असते, हे आपण सर्व जाणतो. त्यावर येथे अधिक लिहीत नाही.

दरम्यान, ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानास आग लागली. मनोरुग्णांना रात्री साखळीने खांबांना बांधले जात असे. अठ्ठावीस जण जळून गेले. एरवाडीच्या दर्ग्याला त्यांचे नातेवाईक श्रद्धेने घेऊन आले होते, आणि जवळपास उपचाराचे दुसरे ठिकाण नव्हते, ही या दुर्घटनेची दुसरी बाजू. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात पुढे निराळी वाट काढण्यात आली : मुजावरांनीच रुग्णास दुवा देऊन आवारातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. श्रद्धेची जागा न हिरावता उपचाराची जागा तिच्या शेजारी मांडली गेली. देवऋषी आणि दवाखाना यांच्यामध्ये बसलेल्या आपल्या व्यवसायाला हे उदाहरण विचार करण्याजोगे आहे.

आपल्या प्रांतातील दोन प्रयोग तर प्रत्येकाने अभ्यासावेत असे आहेत. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक केंद्रांतून, पदवीधर डॉक्टर नसलेल्या परंतु प्रशिक्षित समुपदेशकांकरवी विषण्णता आणि चिंता यांच्या रुग्णांवर काम केले. २०१० साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना त्याचा स्पष्ट लाभ दिसला. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमाने गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठविले. आरंभी विषण्णतेने ग्रस्त शंभर माणसांपैकी जेमतेम चार कोणाकडे तरी मदतीसाठी जात होती. दीड वर्षाने ही संख्या सत्तावीसवर गेली. शेतकरी आत्महत्यांच्या प्रदेशात हा फरक किती मोलाचा आहे हे सांगावयास नको. या कार्यकर्त्यांचे काम म्हणजे ऐकून घेणे, पुन्हा उठून हाताला काम लावणे, अडचण तुकड्यातुकड्याने सोडविणे. सत्त्वावजय हा शब्द आपण व्याख्यानांतून वारंवार उच्चारतो. तो प्रत्यक्षात कसा करावा याची बसून लिहिलेली पद्धत मात्र आपल्याकडे कोणी फारशी तयार केलेली नाही, ती त्यांनी केली.

तरीही चित्र आशादायकच आहे असे म्हणवत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये पाहिली गेली (महाराष्ट्र त्यांत नव्हता), आणि निरनिराळ्या मनोविकारांत उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. दुसरीकडे, २०१९ च्या सुमारास देशातील ४३ शासकीय मनोरुग्णालयांच्या पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक निवासी रुग्ण वर्षाहून जास्त काळ आतच असल्याचे दिसले. त्याच वर्षी, बरे झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलविण्याच्या महाराष्ट्र शासनाच्या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाने आक्षेप घेतला. भिंत बदलली, बंदिवास राहिला.

आणि घराकडे परतलेल्या रुग्णाचे ओझे घरात कोणाच्या अंगावर पडते? बहुधा आईच्या, नाहीतर भावजयीच्या. ‘समाज’ या मोठ्या शब्दाचा अर्थ पुष्कळदा एक थकलेली बाई एवढाच असतो. तिला रात्रीची झोप मिळते का, हे विचारणे हाही उन्मादचिकित्सेचा भाग मानावा.

कायदा आपल्याविषयी काय म्हणतो

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आहे. त्याच्या १९ व्या कलमाने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला. घर नाही, घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणाला संस्थेत ठेवता येत नाही. सोय करणे शासनावर आहे. आपले उपचार पुढे कसे व्हावेत याचा पूर्वनिर्देश लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्कही रुग्णास आहे.

वैद्यवर्गाने विशेष लक्ष द्यावे अशा तीन तरतुदी आहेत. पहिली : मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधरास कायद्याने ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ म्हणून मान्यता दिली आहे. ही मान्यता त्या पदवीधारकांपुरती आहे, सर्व वैद्यांना नाही. दुसरी : मनोरुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणारी आयुर्वेदीय संस्थाही ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ ठरते व तिला नोंदणी करावी लागते. पंचकर्मासाठी म्हणून चार खोल्यांत मनोरुग्ण ठेवणाऱ्या बंधूंनी हे नीट वाचावे. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, १०६ व्या कलमाची : आपल्या व्यवसायक्षेत्राने ज्यास अधिकार दिलेला नाही असे औषध वा उपचार कोणी सुचवू नयेत. आधुनिक मानसोपचाराचे औषध ‘बंद करा’ असे सांगणे हाही एक उपचारच सुचविणे आहे, असे मी मानतो. का मानतो ते सांगतो.

माझ्या हातून झालेली चूक

२००३ साली आमच्या तालुक्याच्या गावी चौतीस वर्षांचा एक गृहस्थ त्याच्या थोरल्या भावाने माझ्याकडे आणला. दोन वर्षे मनोरुग्णालयात राहून तो नुकताच घरी आला होता. खिशात चिठ्ठी होती : दोन प्रकारच्या गोळ्या आणि पंधरवड्याला एक इंजेक्शन. हात थरथरत होते, चेहरा मख्ख, तोंडातून लाळ, चालताना पाय घासत. भाऊ म्हणाला, ‘वैद्यबुवा, या गोळ्यांनी माणसाचं लाकूड झालंय. आपलं काहीतरी द्या आणि या बंद करू.’

मला ते पटले. कंपवाताचे लक्षण समोर होते, आणि त्याला कारण औषधच होते, हे निदानही बरोबर होते. मी ब्राह्मीघृत आणि सारस्वतारिष्ट सुरू केले, शिरोधारा केली, आणि गोळ्या ‘हळूहळू’ सोडा असे सांगितले. हळूहळू म्हणजे किती, हे सांगितले नाही. इंजेक्शनला तो पुन्हा गेला नाही. तीन आठवड्यांत कंप गेला. तो हसू लागला, रानात जाऊ लागला. भावाने पेढे आणले, आणि माझ्या नावाचा गावात बोलबाला झाला.

सातव्या आठवड्यात त्याची झोप गेली. आठव्यात तो रात्री उठून चालता झाला. एकोणीस दिवसांनी मिरज स्टेशनच्या फलाटावर सापडला, पायाला मोठी जखम, अंगावर कपडे नाहीत. पुन्हा भरती करावे लागले, आणि आधीच्या मात्रेवर तो पूर्वीइतका सावरला नाही.

या घटनेतील कार्यकारणभाव नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो सर्वांनाच फसवितो. मनोविकारावरील या औषधांचे दुष्परिणाम औषध थांबल्यावर काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरतात. मूळ व्याधी मात्र लगेच उसळत नाही. तिला आठवडे, कधी महिने लागतात, आणि दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन शरीरात असेल तर आणखी वेळ जातो. मधला जो काळ असतो त्यात रुग्ण सर्वांत चांगला दिसतो. कंप नाही आणि भ्रमही नाही. नेमक्या याच काळात आपले घृत किंवा अरिष्ट चालू असते, आणि सर्व यश त्याच्या नावावर जमा होते. पुढे व्याधी उसळली तर रुग्ण आपल्याकडे येत नाही, थेट रुग्णालयात जातो. म्हणून आपल्या वहीत तो ‘बरा झाला’ म्हणूनच राहतो. माझ्या वहीतही राहिला असता, भाऊ शेजारच्या आळीतला नसता तर.

मला करावयास हवे होते ते एवढेच : मनोविकारतज्ज्ञास चार ओळींचे पत्र. कंप, लाळ, पाय घासणे ही लक्षणे लिहून मात्रा कमी करता येईल का, औषध बदलता येईल का, असे विचारणे. हे दुष्परिणाम त्या शास्त्रालाही ठाऊक असतात आणि त्यावर उपाय असतात. रुग्णाची तक्रार खरी होती. ती योग्य ठिकाणी पोचविणारा हवा होता.

दोन्ही औषधे एका पोटात

घरी राहणारा मनोरुग्ण आज आपल्याकडे बद्धकोष्ठ, भूक, वजनवाढ, झोप, सांधे यांसाठी येतच असतो. म्हणून पुढील बाबी चिकित्सक आणि विक्रेते दोघांनीही ध्यानी ठेवाव्यात.

लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातील पाणी व मीठ कमी झाले की रक्तातील लिथियमचे प्रमाण चढते, आणि उपयोगी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. अशा रुग्णास वमन-विरेचन देणे, लंघन सांगणे, पथ्य म्हणून मीठ तोडणे किंवा मूत्रल द्रव्ये सुरू करणे धोक्याचे आहे. जुलाब, हाताचा मोठा कंप, तोल जाणे, बोलणे अडखळणे ही विषबाधेची चिन्हे असू शकतात. ती आमाची किंवा वाताची समजून वेळ घालवू नये.

सर्पगंधा असलेले कल्प झोपेसाठी आणि रक्तदाबासाठी सर्रास विकले जातात. विषण्णतेचा इतिहास असलेल्या रुग्णास ते देऊ नयेत, आणि ज्याला विद्युत्-उपचार चालू आहेत त्यालाही नाही. रिसर्पिनचा दोष मुळाच्या चूर्णात नाहीसा होत नाही.

जिल्हा कार्यक्रमात अपस्माराचेही रुग्ण असतात आणि पुष्कळांना फेनिटोइन चालू असते. शंखपुष्पीच्या एका कल्पाने फेनिटोइनचे रक्तातील प्रमाण घटते व झटके पुन्हा येतात, हे मुंबईतील संशोधकांनी १९९२ साली दाखविले आहे. उलट पिप्पली-मरिचातील पायपेरीन फेनिटोइन आणि कार्बामॅझेपिन यांचे प्रमाण वाढविते. मुलाच्या स्मरणशक्तीसाठी शंखपुष्पीचे सिरप मागणाऱ्या आईला ‘फिट्सच्या गोळ्या चालू आहेत का’ हा एक प्रश्न काउंटरवर विचारण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

मनोविकाराच्या गोळ्या घेणाऱ्यास तीव्र ज्वर, अंग लाकडासारखे ताठर आणि ग्लानी असे एकत्र दिसले तर तो विषमज्वर समजून थांबू नये. ती औषधजन्य आणि प्राणघातक अवस्था असू शकते, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सूतिकेस प्रसूतीनंतर काही दिवसांतच झोप उडून असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर बाळ आणि आई दोघांचाही जीव धोक्यात असतो. जो रुग्ण मरणाची भाषा करतो, त्याला तसे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली असून ती मराठीतही बोलते. क्रमांक दवाखान्यात ठळक लावून ठेवावा.

फार्मसीचालकांना एकच गोष्ट. उन्माद आणि अपस्मार या दोन्ही व्याधींची नावे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या परिशिष्टात आहेत. ‘वेडावर रामबाण’ असे पत्रक काढणे हा गुन्हा आहे, आणि अशा पत्रकाच्या भरवशावर गोळ्या टाकून देणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

तो गृहस्थ आज घरी आहे. गावातल्या पिठाच्या गिरणीवर दळणाचे डबे तोलतो, महिन्याच्या ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातून गोळ्या आणतो, आणि पोट साफ होत नाही म्हणून माझ्याकडे येतो. मी त्याला त्रिफळा देतो, गोळ्यांची चिठ्ठी पाहतो आणि परत देतो. सरकारी गोळ्या कधी संपलेल्या असतात, तेव्हा तो चिठ्ठी घेऊन चौकातल्या औषधाच्या दुकानात जातो. त्या दुकानदाराने स्वतःहून एक लहान वही ठेवली आहे. तीत पूर्ण नावे नाहीत, आद्याक्षरे आणि तारखा तेवढ्या आहेत, कारण गावात अशा वहीला पाय फुटायला वेळ लागत नाही. पुढची तारीख उलटून चार दिवस झाले आणि माणूस आला नाही, तर तो त्याच्या घरी फोन करतो. गेल्या पावसाळ्यात त्याने असे दोनदा फोन केले. एकदा रस्ता पाण्याखाली होता. दुसऱ्यांदा रुग्णाने गोळ्या कणगीत टाकून दिल्या होत्या, आणि झोप अजून गेलेली नव्हती.